दुसरी सही

“आले बघा,” काकू म्हणाल्या.

पडदा निळा झाला होता. वर तो आडवा पडलेला रडका चेहरा, त्याखाली मशीनमध्ये बिघाड झाल्याची दोन वाक्यं आणि सावकाश चढत जाणारी टक्केवारी. हा निळा पडदा मी आजवर हजारदा तरी पाहिला असेल. त्याला शिव्या घालणारी माणसं पाहिली, माउस आपटणारी पाहिली, एकदा तर टेबलावर डोकं ठेवून रडणारे एक वकीलसाहेबही पाहिले. पण दारात पाहुणा यावा तशी खुर्ची मागे सरकवून त्याला जागा करून देणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“कोण आलं, काकू?”

“हे. दुसरं कोण येणार?” त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मला हसूही आलं नाही. “नातवाचे फोटो बघते, लेकीशी तास तास बोलते, गाणी ऐकते. काही म्हणत नाहीत. नकाशा उघडला रे उघडला की हजर. होते तेव्हाही त्यांना खपायचं नाही नकाशाला कुणी हात लावलेला.” मग पडद्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “चेहरा बघा कसा पाडून बसलेत.”

टक्केवारी शंभरवर गेली, पडदा काळा झाला आणि मशीन आपलं आपण पुन्हा सुरू झालं. पडद्यावरचा बिघाडाचा कोड मी खिशातल्या वहीत टिपून घेतला होता. खरं सांगायचं तर माझ्याही मानेवर बारीकसा काटा आला होता.

माझं काम घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचं. आमचे सासरे मला कंपाउंडर म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की डॉक्टर रोग शोधतो, हा सगळ्यांना एकच पुडी देतो: बंद करून चालू करा. चेष्टाच आहे, पण अगदी खोटी नाही. सव्वीस वर्षांत मी एवढं शिकलोय की दहातली सात मशीनं धूळ झाडली, बंद करून चालू केली की बरी होतात. उरलेल्या तीन मशीनांसाठी डोकं चालवावं लागतं. आणि डोकं चालवायचा कंटाळा आला की एक रामबाण वाक्य असतं. माझ्या धंद्यातला प्रत्येक जण ते कधी ना कधी वापरतो. ‘मशीन ठीक आहे, तुमच्याकडूनच काहीतरी चुकत असेल.’

या घरी मी पूर्वी दोनदा आलो होतो. खोली होती तशीच होती. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्याला पुढे आणखी एक फळी जोडलेली, म्हणजे मोठे कागद पसरता यावेत. एका बाजूला स्कॅनर, दुसऱ्या बाजूला पट्ट्या, कर्कटक आणि एकसारख्या टोकदार केलेल्या पेन्सिली. दाराच्या चौकटीपाशी भिंतीत एक रिकामा खिळा होता आणि त्याखाली रंग घासला जाऊन पडलेला एक अर्धगोल. तिथे वर्षानुवर्षं काहीतरी लटकत, हलत होतं. टेबलासमोरची काकांची खुर्ची तेवढी रिकामी होती. काका जाऊन सात महिने झाले होते, आणि तेही मला दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं.

काका पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. रस्त्याखालून पाण्याच्या नळ्या जातात आणि ठिकठिकाणी जमिनीत व्हॉल्व्ह पुरलेले असतात. कुठला किती फिरवला की कुठल्या गल्लीला पाणी जातं, हे चाळीस वर्षं त्यांच्या हातात होतं. खात्यातले जुने कागद एका गोदामात ओलीने कुजून गेले. तेव्हापासून कुणाला काही अडलं की एकच उपाय होता, काकांना स्कूटरवर बोलावून आणायचं. ते यायचे, रस्त्यावर एका ठिकाणी उभे राहायचे आणि म्हणायचे, इथे खणा. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की डोक्यात आहे ते सगळं कागदावर उतरवायचं. हाताने एकेक भाग काढायचा, स्कॅन करायचा आणि मशीनमध्ये एकमेकांना जोडून सबंध शहराचा एकच नकाशा करायचा.

“आज चारला खात्यातल्या इंजिनीयर बाई येणारेत,” काकू म्हणाल्या. “महिन्यात दोनदा मोठी लाइन फुटली म्हणे, आणि बंद करायचा व्हॉल्व्हच कुणाला सापडेना. बाई स्वतः घरी आल्या, म्हणाल्या, काकांचा नकाशा आहे असं ऐकलं. मी हो म्हणून बसले. आणि तो तर उघडतच नाही. नाहीच उघडला तर त्यांना काय वाटेल?”

“आपण उघडू की. त्यात काय एवढं.”

“त्यांना वाटेल, म्हातारा काहीतरी रेघोट्या मारत बसला होता.” त्या थांबल्या. “तसं म्हणणारे कमी नाहीत. शेवटी शेवटी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

मी तीनदा नकाशा उघडला. तीनदा मशीन बसलं. नकाशा प्रचंड होता. उघडायला घेतला की बाकी काही उघडताना लागणार नाही एवढी जागा मशीनला लागायची. तिन्ही वेळा निळ्या पडद्यावर कोड वेगळा आला. ही खूण आमच्यातलं शेंबडं पोरही ओळखतं. रोग दर वेळी वेगळं नाव सांगतोय म्हणजे रॅम बघायची. रॅम म्हणजे मशीन काम करताना सगळं ज्याच्यावर मांडून बसतं ती पट्टी. तिचा एखादा कोपरा खराब असला तर छोट्या कामात कळतही नाही. मोठं काम पसरलं की ते त्या कोपऱ्यावर जातं आणि सगळंच कोसळतं.

मी कॅबिनेटचे स्क्रू काढले. बाजूचा पत्रा उतरवला, ब्रशने धूळ झाडली. आत दोन पट्ट्या होत्या. एक कंपनीची, मशीनबरोबर आलेली. दुसरी नंतर बसवलेली. दुसरीच्या कोपऱ्यावर लाल ठिपका होता.

तो ठिपका माझ्या बायकोच्या नेलपॉलिशचा.

जुन्या मशीनमधून निघालेल्या चांगल्या पट्ट्या मी जपून ठेवतो. प्रत्येक पट्टी आठ तास टेस्टला लावायची, पास झाली की तिच्यावर लाल ठिपका द्यायचा आणि डब्यात टाकायची. निदान सांगताना मी असं सांगत असे. प्रत्यक्षात मी ठिपका आधी द्यायचो. नेलपॉलिश वाळायला दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढा वेळ ओली पट्टी हातात धरून कोण बसणार? म्हणून ठिपका द्यायचा, पट्टी लावायची, टेस्ट सुरू करायची. सकाळपर्यंत दोन्ही उरकलेलं. नापास झाली तर ठिपका खरवडायचा आणि पट्टी भंगारात. माझ्या या युक्तीचं मला फार कौतुक होतं.

या पट्टीच्या वेळी काय झालं असेल ते मला आजही आठवत नाही. मध्येच वीज गेली असेल. कुणाचं मशीन अडलं म्हणून फोन आला असेल आणि मी टेस्ट बंद करून पळालो असेन. बायकोने टेबल आवरताना पट्टी उचलून ठिपकेवाल्या डब्यात टाकली असेल. ठिपका होताच की तिच्यावर. तीन वर्षांपूर्वी काकांचा फोन आला, नकाशा मोठा झालाय, मशीन जड चालतंय. मी डब्यात हात घातला, ठिपका पाहिला आणि इथे येऊन पाच मिनिटांत पट्टी बसवून गेलो. ‘टेस्ट केलेली आहे, काका. डोळे मिटून वापरा,’ असं मी म्हणालो होतो. हे मात्र शब्दन् शब्द आठवतं.

मी पेनड्राइव्हवरून रॅमची टेस्ट लावली. चौथ्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या, एकीखाली एक.

“सापडलं का काही?” काकूंनी विचारलं.

“बघतोय,” मी म्हणालो. “जरा वेळ लागेल.”

त्या आत गेल्या आणि त्यांनी चहा टाकला. मशीन बंद करून मी लाल ठिपक्याची पट्टी काढली, राहिलेल्या पट्टीवर टेस्ट पुन्हा लावली. एकही लाल ओळ नाही. दोन बोटांत मावणारी ती पट्टी मी शर्टाच्या खिशात टाकली. काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या काखेत एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही होती.

“तोवर हे बघा. याचा काही उपयोग होतो का बघा. यात सगळं आहे.”

वहीत उभ्या रेघा मारून रकाने पाडले होते. तारीख, वेळ, काम, पहिली सही, दुसरी सही.

“खात्यातली पद्धत,” काकू म्हणाल्या. “व्हॉल्व्ह उघडणारा एक, बघणारा एक. दोघांनी सह्या करायच्या. एकट्याची सही चालत नाही. घरी दुसरं कोण होतं? म्हणून मी. सुरुवातीला नव्हतं हे. मशीन बंद पडायला लागलं, तेव्हापासून त्यांनी वही घातली. रोज संध्याकाळी मला बोलवायचे. म्हणायचे, बघ, आज आठ व्हॉल्व्ह काढले. मोज. मी एकेक बोट ठेवून मोजायची, मग सही. न बघता कधी केली नाही मी. त्यांना चालायचंच नाही.”

मी वाचत गेलो. अक्षर छापल्यासारखं होतं. ‘व्हॉल्व्ह २१९. दवाखान्याच्या फाटकापासून डावीकडे अकरा पावलं. खोली छातीएवढी. उलटा फिरतो.’ पहिली सही, दुसरी सही. ‘व्हॉल्व्ह २२०. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून.’ सही, सही. अशी पानंच्या पानं. मग एका ठिकाणी पहिल्यांदा लाल शाईत ओळ होती. ‘काल आठ काढले. आज मशीनमध्ये पाच. तीन कुठे गेले?’ त्यापुढे दोन सह्या.

चार पानांनंतर पुन्हा. ‘काल सहा. आज एकही नाही. मी काढलेच नव्हते का? हिची सही आहे. म्हणजे काढले होते.’

तीन व्हॉल्व्ह कुठे गेले ते मला वाचता वाचताच कळलं. मशीन मध्येच कोसळलं की चालू फाइल खराब व्हायची. दुसऱ्या दिवशी तो नकाशाचा प्रोग्रॅम बिनबोभाट आदली जुनी प्रत उघडून द्यायचा, त्याच नावाने. पडद्यावर एक बारीकशी सूचना येऊन जात असेल. सत्तरीच्या माणसाला ती दिसणार नाही. त्याला एवढंच दिसणार की काल केलेलं काम आज नाही.

“म्हणजे असं व्हायला लागलं ना,” काकू सांगत होत्या, “की ते माझ्याशी वाद घालायचे. मी काढला, मी काढला. मी म्हणायची, अहो, नाहीये तर. मग वही काढायचे, माझी सही दाखवायचे. मला वाटायचं, मीच चुकून केली असेल, त्यांच्या समाधानासाठी. पुढे मग ते गप्प झाले. नेहमीच्या रस्त्यावर उभे राहिले तरी म्हणायचे, नक्की इथेच ना? तू सांग. मी काय सांगणार? मी कधी व्हॉल्व्ह बघितलेत?”

“डॉक्टरांना दाखवलं होतं?”

“दाखवलं की. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करत जायला लावलं. यांनी बरोबर केलं. पण लेक म्हणाली, बाबा रोजचं विसरतात, ते सांगा. मी सांगितलं. मग विसरण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या घेतल्या की दिवसभर झोपाळल्यासारखे असायचे.” त्यांनी कप उचलून खाली ठेवला. “स्कूटरची किल्ली मीच लपवली. त्या खिळ्याला असायची. एकदा बाहेर गेले आणि वाट चुकले तर, या धास्तीने. दोन दिवस सगळं घर शोधलं त्यांनी. मला विचारलं, मी म्हणाले, तुम्हीच कुठेतरी ठेवली असेल, आठवा. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, हो, असेल. परत कधी विचारलं नाही. बाहेरही पडले नाहीत. हिवाळ्यात निमोनिया झाला तेव्हा अंगात काही उरलंच नव्हतं.”

मी मान वर केली नाही. वही उलटत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. आणि मग ते पान आलं.

‘आज मेकॅनिक आला. एक तास पाहिलं. मशीन ठीक आहे म्हणाला. म्हणजे मीच.’

पहिली सही. दुसरी सही.

त्याखाली त्याच दिवशी, जरा लहान अक्षरात: ‘आजपासून रोज अर्धाच तास काम. चुका नकोत.’

ती माझी दुसरी खेप. काकांचे तीन फोन आले होते, तिन्ही वेळा मी फोनवरच सांगितलं होतं, काका, सेव्ह करायला विसरत असाल. चौथा फोन आला तेव्हा नाइलाजाने आलो. धूळ झाडली, व्हायरस शोधला, दहा वेळा बंद-चालू केलं. मशीन एकदाही बसलं नाही, कारण मी नकाशा उघडलाच नाही. काका म्हणाले होते, ‘नकाशा उघडून बघता का?’ मी घड्याळ बघत म्हणालो होतो, त्याची गरज नाही. आणि निघताना, दारात चपला पायात सरकवत, काकूंना हळू आवाजात म्हणालो होतो, ‘काकांचं वय झालंय. जरा लक्ष ठेवा.’

असं मी किती घरांत म्हणालो असेन. ते बोलायला काही लागत नाही. वरून आपण माणुसकीने वागलो असंही वाटतं.

खिशातली पट्टी मला छातीशी जाणवत होती. तिला काही वजन नसतं, तरी जाणवत होती. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, लपवण्यासारखं आता काही नाही. मला वाटलं, धूळ होती म्हणून सांगावं. नकाशा आता उघडणारच होता. चारला इंजिनीयर बाई येतील, खूश होतील, काकू खूश होतील. खरं सांगून कुणाचं भलं होणार? आज या बाईला एवढंच ठाऊक आहे की नवऱ्याचं डोकं शेवटी फिरलं होतं आणि तिने त्याला सांभाळलं. खरं सांगितलं की तिच्या वाट्याला काय येणार? शहाण्या माणसाची किल्ली लपवली, शहाण्या माणसाला गोळ्या घातल्या. हे ओझं तिच्यावर कशाला टाकायचं, असं मी स्वतःला समजावत होतो. आणि ते समजावताना मला इतकं बरं वाटत होतं की त्यावरूनच मला कळलं, यात काकूंची काळजी थोडी आणि माझी कातडी जास्त आहे.

मशीन सुरू केलं. नकाशावर दोनदा क्लिक केलं. काकूंनी सवयीने खुर्ची मागे घेतली.

नकाशा उघडला. आधी पांढरा, मग एकेक तुकडा भरत गेला. रस्ते करड्या रेघांत, नळ्या निळ्या आणि व्हॉल्व्ह लाल ठिपक्यांनी. शेकडो लाल ठिपके, प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. पडदा निळा होईना. आम्ही दोघं थांबून राहिलो. 

“आले नाहीत,” काकू म्हणाल्या.

“नाही.”

“का?”

मी पट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली. मग पेन घेतलं, आणि त्यांना काही बोलण्याआधी वहीचं पुढचं कोरं पान उघडून लिहायला लागलो. तोंडाने सांगायला लागलो असतो तर मी काहीतरी गुळमुळीत बोललो असतो, हे मला माहीत होतं. तारीख घातली, वेळ घातली. लिहिलं: ‘मशीनमधली दुसरी पट्टी खराब. तीन वर्षांपूर्वी मी बसवली. टेस्ट पूर्ण न करता बसवली. नकाशातले व्हॉल्व्ह गायब होण्याचं कारण हीच. काकांकडून काही चुकलेलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात बिघाड नव्हता.’ खाली सही केली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

काकूंनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग टेबलावरच्या त्या पट्टीकडे बघितलं.

“तुम्ही म्हणाला होतात, लक्ष ठेवा.”

“हो, काकू.”

“मी ठेवलं.”

मला माफ करा, असं मी म्हणालो. तो शब्द किती तोकडा होता ते उच्चारतानाच कळलं. त्यांनी तो ऐकला की नाही, कोण जाणे. ओरडल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर मी खाली मान घालून गेलो असतो. त्यांनी फक्त दुसऱ्या सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“मी सही करू शकत नाही.”

“काकू, मी खरं…”

“तुम्ही खरंच लिहिलं असेल. पण मी बघितलेलं नाही. मी चहा करत होते.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “न बघता मी कधी सही केलेली नाही. ती परत बसवा. मला दाखवा.”

मी मशीन बंद केलं. ठिपक्याची पट्टी परत तिच्या जागी दाबली. मशीन सुरू केलं. नकाशावर क्लिक केलं. काकूंनी या वेळी खुर्ची मागे घेतली नाही. उलट पुढे ओढली आणि पडद्याच्या अगदी जवळ बसल्या.

रस्ते उमटले, नळ्या उमटल्या, आणि पडदा निळा झाला. तोच रडका चेहरा, तीच दोन वाक्यं.

मी बटणाकडे हात नेला.

“राहू दे जरा,” त्या म्हणाल्या.

टक्केवारी चढायला लागली. पाच. वीस. काकूंच्या चष्म्यात तो निळा चौकोन उमटला होता. सात महिने त्यांनी नकाशा उघडला की त्यांना कुणीतरी भेटायला येत होतं, रुसून का होईना, तोंड पाडून का होईना, येत होतं. मी ते थांबवायला आलो होतो आणि ते थांबलं होतं. साठ. पंच्याऐंशी. त्यांनी हात पुढे केला आणि काचेवरची बोटभर धूळ पुसली. शंभर झाले. पडदा काळा झाला.

“म्हणजे हे नव्हतेच,” काकू म्हणाल्या.



“आता काढा ती.”

पट्टी काढली. मशीन लावलं, नकाशा उघडला, तो उघडाच राहिला. काकूंनी माउस हातात घेतला आणि एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक ठिपक्यावर थांबायच्या, वहीत बघायच्या, पुटपुटत आकडा म्हणायच्या. मी शेजारी उभा होतो. मला कुणी बसा म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही. दोन तास लागले. वहीत चारशे बारा व्हॉल्व्ह होते. नकाशात त्यातले एकोणीस नव्हते, पण वहीत त्या एकोणिसांची जागा लिहिलेली होती, पावलांत.

“बाईंना पावलं कशी कळणार?” मी विचारलं.

“त्यांचं एक पाऊल म्हणजे माझं दीड,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं मागनं चालले आहे. मी दाखवीन.”

मग त्यांनी वही जवळ ओढली, माझ्या सहीशेजारच्या रकान्यात सावकाश, पूर्ण सही केली. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

मी पिशवी आवरली. ठिपक्याची पट्टी उचलायला गेलो तर त्या म्हणाल्या, “ती राहू दे इथेच.” मी राहू दिली. हल्ली मी ठिपका टेस्ट झाल्यावरच देतो, आणि बायकोला पट्टीसमोर उभी करून वहीत तिची सही घेतो. ती वैतागते, म्हणते, हे काय नवीन खूळ. मी तिला कारण सांगितलेलं नाही. रोज निळा पडदा दिसला की आधी मला काकूंची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि मग मी कामाला लागतो. गिऱ्हाइकाला ‘तुमच्याकडूनच चुकत असेल’ असं मी त्यानंतर म्हणालेलो नाही.

दाराशी चपला घालत होतो, तेव्हा काकू आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग डब्याचं झाकण निघाल्याचा. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक किल्ली होती, पितळी बिल्ला लावलेली, आणि त्या बिल्ल्यावर खात्याचा जुना नंबर होता. माझ्याकडे न बघता त्या माझ्या बाजूने पुढे गेल्या, टाचा उंच केल्या आणि किल्ली खिळ्याला अडकवली. बिल्ला दोनदा भिंतीवर हलला आणि त्या घासलेल्या अर्धगोलात येऊन थांबला.

खिडकीतून खालची रिकामी पत्र्याची शेड दिसत होती. स्कूटर मागच्याच वर्षी जावयांनी विकून टाकली होती.